मळवलीची लक्ष्मी आणि पॉप आर्ट

खालापूर तालुक्यातील खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळा ओलांडले, की मळवली हे लहानसे रेल्वे स्थानक लागते. भारतीय पॉप आर्टची पाळेमुळे शोधणाऱ्याला येथे थांबावेच लागते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना पुढे या परिसरात हलविण्यात आला. लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी येथूनच घरोघरी गेल्या.

पॉप आर्ट १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये उदयास आली आणि पुढील दशकात अमेरिकेत बहरली. जाहिराती आणि कॉमिक्स तिने कॅनव्हासवर आणलेच. पण पूर्वसूरींनाही सोडले नाही. अँडी वॉरहॉलने १९६३ मध्ये एकाच कॅनव्हासवर तीस मोनालिसा छापल्या. मोनेने बदलत्या प्रकाशात टिपलेले रुआँचे कॅथीड्रल रॉय लिक्टनस्टाइनने १९६९ मध्ये छपाईच्या ठिपक्यांतून उभे केले. दोघांनी पुन्हा साकारली ती मूळ कलाकृती नव्हे, तर तिची छापील प्रत. अभिजात चित्र बहुतेकांना प्रतीतूनच भेटते, हे वास्तव त्यांनी चित्राचा विषय केले.

भारतात हा प्रवास अधिक गुंतागुंतीचा आहे. रविवर्मा यांनी युरोपीय वास्तववादी शैलीत पौराणिक विषय रंगविले, म्हणजे पहिला पुनर्अन्वय त्यांचाच. छापखान्याने त्या चित्रांच्या प्रती काढल्या. कॅलेंडरांनी त्या प्रतींच्याही नकला केल्या. आधुनिक चित्रकारांच्या लेखी ही सारी बाजारू अभिरुची होती. मुंबईत जन्मलेल्या भूपेन खख्खर यांनी तीच जवळ केली. १९६० च्या दशकातील त्यांच्या कोलाजांत देवादिकांच्या बाजारी तसबिरी कापून चिकटविलेल्या दिसतात.

अतुल दोडिया यांच्या ‘महालक्ष्मी’ (२००२) या कलाकृतीत दुकानाच्या लोखंडी शटरवर तसबिरीतील ओळखीची लक्ष्मी आहे. शटर वर सरकविले, की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. घरच्या लेकीला ‘लक्ष्मी’ म्हणायचे आणि तिच्या हुंड्याचा हिशेब मांडायचा, हा विरोधाभास त्या एका शटरने उघडा पडतो.

जुन्या शैलीची पुनरावृत्ती ही केवळ थट्टा किंवा उसनवारी नसते, ती यामुळेच. देव्हाऱ्यातल्या तसबिरीला आपण रोज हात जोडतो. तिच्याकडे पाहणे मात्र सवयीने थांबलेले असते. पॉप आर्ट ते पाहणे पुन्हा सुरू करते.