छापील विश्वाचे वय

हॉकिंगचे पुस्तक वाचून झालेले असते, यूट्यूबवरचे बिग बँगचे व्हिडिओ पाहून झालेले असतात. मग बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी किंवा नुकतेच निवृत्त झालेले एखादे इंजिनिअर काका विचारतात, ‘आता खरेखुरे विश्वरचनाशास्त्र शिकायचे आहे, गणितासकट. कोणते पुस्तक घेऊ?’ मी आधी उलट विचारतो, ‘घरात एखादे आहे का? असेल तर ते कोणत्या सालचे?’

यंत्रशास्त्राचे किंवा प्रकाशशास्त्राचे पन्नास वर्षांपूर्वीचे पुस्तक आजही बिनदिक्कत चालते. या विषयात तसे होत नाही. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांचा अभ्यास करणाऱ्या दोन गटांना आढळले की विश्वाचे प्रसरण मंदावत नसून उलट वेग घेत आहे. त्या कामाला २०११ चे नोबेल मिळाले. त्याआधीच्या बहुतेक पुस्तकांत आइन्स्टाइनचा वैश्विक स्थिरांक, म्हणजे ग्रीक लिपीतला लॅम्डा, पान-दोन पानांत उरकून पुढे शून्य धरलेला दिसतो. आजच्या हिशेबात विश्वाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६९ टक्के वाटा त्याच्याच नावावर आहे.

यामुळे किती फरक पडतो, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहा. हबल स्थिरांक ७० धरू. म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका सेकंदाला ७० किलोमीटर वेगाने दूर जाते आहे. अंतराला वेगाने भागले की उत्तर येते जवळपास १४ अब्ज वर्षे. प्रसरणाचा वेग पहिल्यापासून इतकाच असता, तर हेच विश्वाचे वय ठरले असते. पण विश्वात फक्त पदार्थ असेल, तर गुरुत्वाकर्षणाने त्याला सतत ब्रेक लावलेला असणार. म्हणजे पूर्वी वेग जास्त होता आणि इथवर यायला वेळ कमी लागला. सपाट विश्वासाठी हा काळ बरोबर दोन-तृतीयांश निघतो, ९.३ अब्ज वर्षे. इकडे गोलाकार तारकागुच्छांतले सर्वांत म्हातारे तारे १२-१३ अब्ज वर्षांचे. लेकरे आईपेक्षा वयाने मोठी!

ही डोकेदुखी नव्वदच्या दशकापर्यंत खरोखरच होती. ॲलन सँडेज यांच्या मोजमापात हबल स्थिरांक ५० च्या आसपास येई. तो घेतला की वय १३ अब्जांवर जाते आणि घरात शांतता नांदते, पण इतरांच्या दुर्बिणी ते मान्य करेनात. आता विश्वाच्या प्रसरणाचा हिशेब मांडणाऱ्या फ्रीडमनच्या समीकरणात ३० टक्के पदार्थ आणि ७० टक्के लॅम्डा घाला, हबल स्थिरांक ७० च ठेवा. वय येते साधारण साडेतेरा अब्ज. प्लँक उपग्रहाच्या नेमक्या आकड्यांनी ते १३.८ होते. जुन्या पुस्तकातले कोडे नव्या पुस्तकात प्रकरणाअखेरचा स्वाध्याय झालेले असते. म्हणून दुकानात पुस्तक हातात घेतलेत की फ्रीडमनचे समीकरण असलेले पान उघडा आणि लॅम्डाला तिथे किती जागा दिली आहे ते बघा.

दुसरी भीती गणिताची, आणि ती बरीचशी अनाठायी आहे. व्यापक सापेक्षतेचे टेन्सर आल्याशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही, असे अनेकांना वाटते. मिल्न आणि मॅक्रे यांनी १९३४ मध्येच दाखवून दिले की वर फेकलेल्या चेंडूसारखा न्यूटनी हिशेब करूनही फ्रीडमनच्या समीकरणाचा आकार हाती येतो. त्याचा खरा अर्थ समजायला पुढे आइन्स्टाइन लागतोच. पण सुरुवातीला कॅल्क्युलस आणि थोडी डिफरन्शियल इक्वेशन्स पुरतात.

या वाटेने नेणारी दोन पुस्तके: अँड्र्यू लिडल यांचे आणि बार्बरा रायडन यांचे. लिडल सडपातळ आहे, सत्राचा अभ्यासक्रम उरकायला उत्तम, पण एकट्याने शिकणाऱ्याला कधीकधी फार त्रोटक वाटते. माझे मत रायडनला. दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात ‘रात्री आकाश काळे का?’ या प्रश्नाने होते आणि तिथून बोट धरून रायडन महास्फोटानंतर उरलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणापर्यंत नेतात. मधूनच मिश्किलपणाही करतात, जो पाठ्यपुस्तकात दुर्मीळ. अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेने २००६ मध्ये या पुस्तकाला लेखनाचा पुरस्कार दिला, तो उगीच नव्हे.

डोडेल्सन यांचे पुस्तक, मुखानोव्ह यांचे आणि वाइनबर्ग यांचे २००८ चे, ही एमएस्सीनंतरची मंडळी. आताच घेतलीत तर कपाट शोभेल.

मग नारळीकर? पुण्यात हा प्रश्न हमखास येतो. जयंत नारळीकरांच्या पाठ्यपुस्तकाची तिसरी आवृत्ती २००२ ची, म्हणजे पार्श्वप्रारण मोजणाऱ्या डब्ल्यूमॅप उपग्रहाचे निष्कर्ष येण्याच्या आदल्या वर्षाची. त्यातले आकडे शिळे झाले आहेत. शिवाय लेखक महास्फोट न मानणारा. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये अर्ध-स्थिर विश्वाचा पर्याय मांडला, जो बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. पार्श्वप्रारणातील बारीक चढउतारांचा पुरावा महास्फोटाच्या बाजूने इतका भक्कम आहे की माझाही कल तिकडेच. तरी हे पुस्तक वाचाच. प्रमाणित सिद्धांत नीट शिकवून, पर्यायांना स्वतंत्र प्रकरण देऊन, निरीक्षणांच्या कसोट्यांवर ते दोघांनाही पुन्हा पुन्हा घासते. काय मोजले आणि काय गृहीत धरले, ही रेघ तिथे जितकी ठळक दिसते तितकी इतरत्र दिसत नाही. आज तिची गरज आहे: पार्श्वप्रारणावरून हबल स्थिरांक ६७.४ येतो आणि सुपरनोव्हांवरून सुमारे ७३. दोन्ही गट आपापल्या जागी काटेकोर आहेत आणि भांडण मिटलेले नाही.

थोडक्यात, गणिते रायडनची सोडवा आणि नारळीकर ग्रंथालयातून आणा. रायडनची दुसरी आवृत्ती परवडत नसेल, तर २००३ ची पहिली जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली तरी बेलाशक घ्या. तिच्यात लॅम्डा आहे.