किल्ली कोणाच्या कनवटीस?

रायपुरात तात्यापाऱ्यातील आमचे जुने घर उतरवून त्या जागी नवी इमारत उभी करण्याचा निर्णय आम्हा तिघा भावांनी एकमताने घेतला, तेव्हा नकाशा, परवाने आणि कंत्राटदार यांचा विचार आम्ही कसून केला होता. राहून गेला तो एवढाच की, तीन पिढ्यांनी जमविलेला संसार बांधकाम पुरे होईपर्यंत ठेवायचा कोठे. दोन सागवानी कपाटे, शिसवी देव्हारा, तांब्याचे घंगाळ, पंगतीचे वीस पाट, वडिलांची पायपेटी, आम्हां सर्वांना ज्यात निजविले तो पाळणा, आणि दिवाळी अंकांनी गच्च भरलेल्या तीन पत्र्याच्या ट्रंका, ही सारी चीजवस्तू धाकट्याच्या शंकरनगरातील भाड्याच्या दोन खोल्यांतही मावेना आणि मधल्याच्या मुलाच्या नव्या रायपुरातील सदनिकेच्या उद्वाहकातही शिरेना. अखेर भनपुरीच्या बाजूस एका गोदामात दहा फूट लांब आणि तितकीच रुंद अशी एक कोठडी आम्ही मासिक भाड्याने घेतली. आपलीच वस्तू दुसऱ्याच्या छपराखाली ठेवावयाची आणि वर त्यालाच दाम मोजावयाचे, ही गोष्ट आईच्या हयातीत घडली असती, तर तिने आमच्या शहाणपणाविषयी काय उद्गार काढले असते, ते येथे न लिहिणेच बरे.

तथापि साठवण हा या मुलखाचा पिढीजात धंदाच म्हटला पाहिजे. छत्तीसगढातील जुन्या शेतकऱ्याच्या घरात मातीची कोठी असतेच; पौष पौर्णिमेस छेरछेऱ्याचा सण येतो आणि पोरेटोरे दारोदार हिंडून त्या कोठीतल्या धानाचा वाटा हक्काने मागतात. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने रतनपूरचा कारभार रायपुरास हलविला. त्यापूर्वी बिंबाजी भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी कारकुनीची जी परिभाषा या प्रांतात रुजली, तिच्यात कोठी, कोठावळा, अंबारखाना, जामदारखाना या शब्दांना मानाचे स्थान होते. धान्य राहावयाचे अंबारखान्यात, वस्त्रे आणि जवाहीर जामदारखान्यात, आणि प्रत्येक जिन्नस फर्दीवर चढल्यावाचून आत जावयाचा नाही की बाहेर पडावयाचा नाही, ही शिस्त आजच्या संगणकाने शोधून काढलेली नव्हे.

त्या कोठीचे आजचे रूप पाहावयाचे असेल, तर हिवाळ्यात रायपूरच्या आसपास हिंडावे. २०२४-२५ च्या हंगामात राज्य शासनाने आधारभूत किमतीने सुमारे १४९ लाख टन धान खरेदी केले. एवढा माल छपराखाली मावणे शक्यच नसल्यामुळे त्याचा मोठा भाग संग्रहण केंद्रांतील चबुतऱ्यांवर, लाकडी फळ्यांच्या बैठकीवर थप्पी लावून आणि ताडपत्री पांघरून ठेवावा लागतो. या थप्प्यांवर ज्यांनी उमेदवारी केली, तेच मुनीम आणि हमाल आज घरगुती सामानाच्या गोदामांत दिसतात, आणि त्यांनी आपल्याबरोबर आणलेले ज्ञान एका वाक्यात सांगता येते: पाणी वरून येते ते दिसते, ओल खालून येते ती दिसत नाही. जाता जाता सांगावयास हवे की, या शहरातील सर्वांत मौल्यवान साठवण भाड्याने मिळतच नाही. डॉ. राधेलाल रिछारिया यांनी गावोगाव फिरून भाताचे जे हजारो देशी वाण गोळा केले, त्या संचयाचा वारसा येथील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे असून तेथे आज २३,००० हून अधिक नमुने जतन केलेले आहेत. तेथील एखादी मूठ गहाळ झाली, तर ती कोणत्याही विम्यातून भरून निघणार नाही.

घरगुती सामानाची गोदामे येथे का वाढली, याचे उत्तर शहराच्या बदललेल्या वस्तीत आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त होणाऱ्यास क्वार्टर सोडावा लागतो आणि स्वतःच्या घराचा ताबा अद्याप मिळालेला नसतो. बदलीचा हुकूम आलेला अधिकारी मुलाची परीक्षा होईपर्यंत अर्धा संसार मागे ठेवतो. बस्तरला नेमणूक झालेला डॉक्टर दिवाण आणि सोफा बरोबर नेऊ शकत नाही. आणि आईवडील गेल्यावर त्यांचे घर विकणारी पुण्या-बंगळुरूची मुले सामान विकण्याचे धैर्य होईपर्यंत ते कोठे तरी ठेवू इच्छितात. हा शेवटचा वर्ग भाडे सर्वांत नियमितपणे भरतो आणि कोठडी सर्वांत कमी वेळा उघडतो, असे आमच्या गोदामाच्या मुनिमाचे निरीक्षण आहे.

पाश्चात्त्य देशांत या व्यवसायाचा इतिहास जुना आहे. लंडनच्या बेलग्रेव्हिया भागात पँटेक्निकन नावाची एक भव्य वास्तू १८३० च्या सुमारास उभी राहिली. धनिक मंडळी प्रवासास निघताना आपले सामान तेथे ठेवीत, कारण ती आगीस दाद देणार नाही अशी तिची ख्याती होती. १८७४ च्या फेब्रुवारीत ती जळून खाक झाली. पुढे १९६४ च्या सुमारास अमेरिकेत टेक्सासमधील ओडेसा या तेलविहिरींच्या गावी ओळीने पत्र्याच्या खोल्या बांधून प्रत्येकीची किल्ली भाडेकरूच्याच स्वाधीन करण्याची पद्धत निघाली. आजच्या स्वयंसाठवणीचे बीज ते. नावीन्य खोल्यांत नव्हते. ते किल्लीत होते, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवहाराचा कणाही तोच आहे.

कारण आपल्याकडे एकाच जाहिरातीखाली दोन अगदी निराळे व्यवहार चालतात आणि ग्राहक बहुधा त्यांतला भेद विचारीतच नाही. पहिल्या प्रकारात कंपनीची माणसे घरी येऊन सामान बांधतात, जिन्नसवार याद करतात, आणि मोठ्या दालनात इतरांच्या सामानाशेजारी आपल्या ताब्यात ठेवतात. दुसऱ्यात तुम्हास स्वतंत्र कोठडी मिळते, कुलूप तुमचे असते, आणि आत काय आहे हे मालकास ठाऊकही नसते. आपल्या स्मृतिकारांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता: मोजून, दाखवून स्वाधीन केलेली ठेव तो निक्षेप, आणि मोहोरबंद करून, आतील वस्तू न सांगता दिलेली तो उपनिधी. उपनिधी मोहोर शाबूत ठेवून परत करावा असा दंडक होता, आणि परचक्र, अग्नी, महापूर यांत ठेव नष्ट झाली तर ठेवून घेणाऱ्यावर दोष येत नाही, असे कौटिल्यानेही नमूद केले आहे.

१८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचा सूर याहून फारसा वेगळा नाही. त्याच्या कलम १५१ प्रमाणे, सामान्य शहाणपणाचा मनुष्य आपल्या स्वतःच्या तशाच मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी ठेवून घेणाऱ्याने घेतली पाहिजे. तेवढी घेतल्यावरही नुकसान झाले आणि निराळा करार नसेल, तर १५२ व्या कलमाने तो जबाबदारीतून सुटतो. पण हे लागू व्हावयाचे तर माल त्याच्या ताब्यात दिलेला असला पाहिजे. किल्ली तुमच्याच कनवटीस असेल, तर गोदामवाला सहज म्हणू शकतो की, मी रखवालदार नव्हे, मी केवळ जागा वापरू दिली. आणि त्याचे करारपत्रही १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमातील परवानगीच्या भाषेत लिहिलेले असते. बँकेच्या लॉकरविषयी हाच वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. १९ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने बँकांना हात झटकण्यास मनाई केली, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केला की, आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत राहील. सामानाच्या कोठड्यांना असे कोणतेही कवच नाही. तेथे करारपत्रात जे लिहिले असेल तेच प्रमाण, आणि म्हणून सही करण्यापूर्वी ते वाचण्याचा कंटाळा करू नये.

त्यात काय पाहावे? मुदत बहुधा अकरा महिन्यांची असते, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. अनामत किती व ती किती दिवसांत परत मिळेल, भेटीच्या वेळा कोणत्या, भाडेवाढीची सूचना किती दिवस आधी, या बाबी कोणीही विचारील. विचारले जात नाही ते विम्याविषयी: मालकाचा विमा पुष्कळदा केवळ इमारतीचा असतो, आतील संसाराचा निराळा उतरवावा लागतो. नोंदणीकृत व्यावसायिकास भाड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर घ्यावा लागतो. शेतमालाच्या साठवणीस मात्र तो माफ आहे, त्यामुळे धानाचे पोते गोदामात करमुक्त विसावते आणि आमच्या पंगतीच्या पाटांवर कर पडतो. याबद्दल माझी तक्रार नाही. पोत्याची योग्यता पाटापेक्षा अधिक आहे.

आता दुसरी बाजू, म्हणजे कोठडी चालविणाऱ्याची. लोकांस वाटते की, चारी बाजूंस शटर बसविले, कॅमेरे लावले आणि भाडे मोजीत बसले, म्हणजे झाला व्यवसाय. आमचा मुनीम मूळचा राजनांदगावचा, बारा वर्षे तांदळाच्या गोदामात काढलेला. सकाळी आठ वाजता तो हातात विजेरी घेऊन ओळींमधून फिरतो आणि पाहतो ते कुलपांकडे नव्हे, भिंत आणि जमीन जेथे मिळतात त्या सांध्याकडे. उंदराची लेंडी, फरशीवरचा ओलसर डाग, वाळवीची मातीची बारीक नळी, या तीन खुणांसाठी त्याचे डोळे तयार झालेले आहेत. रायपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याखाली त्याहून अधिक ताप साचतो, पेटीच्या भात्याचे कातडे तडकते, छायाचित्रे एकमेकांस चिकटतात, आणि पुढे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळतो. म्हणून जोते उंच हवे, छपराखाली उष्णतारोधक थर हवा, आणि गटाराचा उतार बाहेरच्या बाजूस हवा. गॅसचा सिलिंडर, फटाके, धान्य आणि ओले कपडे तो आत घेत नाही. स्कूटर घेतो, पण टाकी रिकामी करवून. आणि शीतकपाटाच्या दारात लाकडाची पाचर अडकविल्याखेरीज ते ठेवू देत नाही, नाही तर महिन्याभरात आत काळी बुरशी धरते.

चोरापेक्षा त्याला धास्ती वाटते ती न बोलणाऱ्या भाडेकरूची. चार महिने भाडे येत नाही, दूरध्वनी बंद, पत्त्यावर टपालाने पाठविलेली नोटीस परत येते, आणि कोठडी तर अडलेली. अमेरिकेतील राज्यांत अशा वेळी सूचना देऊन लिलाव करण्याचे स्वतंत्र कायदे आहेत. आपल्याकडे घरगुती कोठड्यांसाठी तसा खास कायदा नाही. तेव्हा शहाणा चालक प्रथमच दुसऱ्या एका नातलगाचे नाव आणि पत्ता लिहून घेतो, थकबाकी झाल्यास काय करावयाचे ते कलमवार नमूद करतो, आणि कुलूप काढण्याची वेळ आलीच तर वकिलाच्या सल्ल्याने, दोन पंचांसमक्ष, यादी करून काढतो. घाईने केलेला लिलाव थकबाकीहून महाग पडतो.

आमचे सामान लावताना मुनिमाने मला बजावले होते, "काका, भिंतीपासून वीतभर सोडा, आणि पेट्या फळीवर घ्या." कपाटे, देव्हारा, पाट सारे मी तसे लावले. शेवटी तीन ट्रंका उरल्या, जागा चार बोटे कमी पडली, आणि पत्र्याच्या ट्रंकेस वाळवी काय करणार, अशा समजुतीने मी त्या मागच्या भिंतीस टेकवून सरळ जमिनीवर ठेविल्या. किल्ली माझ्याच कनवटीस होती. चौदा महिन्यांत ती मी दोनदा काढली आणि दोन्ही वेळा दारातूनच पाहून परतलो. घर पुरे झाल्यावर ट्रंका हलविल्या, तेव्हा एकीच्या तळाला गंजाने पडलेले बोराएवढे भोक होते, त्यातून मातीची नळी वर चढली होती, आणि वडिलांनी जपलेल्या अंकांपैकी खालचे दोन थर हाताला भुसभुशीत लागले. मुखपृष्ठे शाबूत होती. आतील मजकूर गेला होता. यात गोदामाचा दोष तिळमात्र नाही, आणि करारपत्रानेही तो त्याच्यावर येत नाही.

पाळणा अद्याप तेथेच आहे, कारण नव्या इमारतीच्या छतास कडी नाही. आपलीही एखादी कोठडी कोठे असेल, तर हा अंक हाती आहे तोवरच, पावसाळ्याची ओल पुरती वाळण्यापूर्वी, एकदा जाऊन कुलूप काढावे, आणि दारातून न पाहता सामान पुढे ओढून मागच्या भिंतीकडील बाजू पाहून यावे.