हस्तचालित गिअरबॉक्सचे बिघाड (स्पोर्ट्स कार)

हस्तचालित गिअरबॉक्स म्हणजे चालकाने क्लच दाबून व लिव्हर हलवून गिअर बदलण्याची यंत्रणा होय. आधुनिक स्पोर्ट्स कारमध्ये या यंत्रणेत गिअर बदलताना खरखर होणे, गिअर आपोआप निसटणे, क्लच घसरणे, बेअरिंगचा आवाज येणे असे बिघाड आढळतात. यंत्रणा जुन्या पद्धतीची असल्यामुळे ती कमकुवत आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात इंजिनांचा वाढलेला जोर, हलक्या वजनाचे भाग, चुकीचे तेल आणि चालकाची सवय यांचा मेळ बिघडल्याने बहुतेक दोष निर्माण होतात. गिअरबॉक्सचा म्हणून सांगितला जाणारा दोष पुष्कळदा क्लचचा असतो.

रचना व कार्य

गिअरबॉक्समधील दाते असलेली चाके एकमेकांत कायम अडकलेली असतात. लिव्हर हलवल्यावर फोर्कच्या साहाय्याने एक स्लीव्ह सरकते आणि निवडलेले चाक शाफ्टशी जोडले जाते. जोडणीपूर्वी दोन्हींचा वेग समान व्हावा लागतो. हे काम सिंक्रोनायझर रिंग घर्षणाने करते. ही रिंग बहुधा पितळेची किंवा कार्बनचा थर दिलेली असते. सिंक्रोमेशची पद्धत कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली प्रथम मोटारीत वापरली. त्यापूर्वीच्या गाड्यांत, आणि नंतरही अनेक ट्रकमध्ये, चालकांना ‘डबल क्लच’ करून वेग जुळवावा लागत असे.

बिघाडांची कारणे

टॉर्कमधील वाढ : टर्बोचार्जरमुळे लहान इंजिनेही कमी फेऱ्यांवर मोठा टॉर्क देतात. गिअरबॉक्समध्ये हा टॉर्क गिअरच्या गुणोत्तराच्या पटीत वाढतो. २५० न्यूटन-मीटर टॉर्कच्या इंजिनाला ३.५ गुणोत्तराचा पहिला गिअर जोडल्यास पुढील शाफ्टवर सुमारे ८७५ न्यूटन-मीटर इतका भार येतो. इंजिनाचे संगणकीय ट्यूनिंग बदलून टॉर्क वाढवल्यास क्लच प्लेट सर्वांत आधी घसरू लागते.

सिंक्रोनायझरची झीज : वेगातील फरक जितका मोठा, तितके रिंगला अधिक काम पडते. त्यामुळे दुसऱ्या व तिसऱ्या गिअरच्या रिंगा बहुधा लवकर झिजतात. अनेक उत्पादक खालच्या गिअरसाठी दुहेरी किंवा तिहेरी शंकूच्या रिंगा वापरतात.

तेलाची निवड : गिअर ऑइल फार निसरडे असल्यास रिंगला आवश्यक घर्षण मिळत नाही. जीएल-५ प्रतीच्या तेलात गंधक-फॉस्फरसयुक्त घटकांचे प्रमाण जीएल-४ पेक्षा जास्त असते आणि काही तेलांतील हे घटक पितळी भागांना अपायकारक ठरू शकतात. म्हणून ‘वरच्या प्रतीचे’ तेल प्रत्येक गिअरबॉक्सला योग्य असतेच असे नाही.

चुकीचा गिअर : तिसऱ्यातून चौथ्यात जाण्याऐवजी लिव्हर दुसऱ्यात गेल्यास चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. तिसऱ्याचे गुणोत्तर १.४ व दुसऱ्याचे २.० असल्यास, मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असलेले इंजिन सुमारे ८,५७० फेऱ्यांपर्यंत खेचले जाते. फेऱ्यांवर मर्यादा घालणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा केवळ इंधन किंवा ठिणगी तोडते. हा यांत्रिक आघात ती रोखू शकत नाही. अशा चुकीने व्हॉल्व्ह व पिस्टन निकामी होऊ शकतात.

दोषनिदान

बिघाड नेमका कोठे आहे हे पुढील लक्षणांवरून ओळखता येते.

- इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, परंतु चालू असताना एकही नीट पडत नाही : क्लच पूर्ण सुटत नाही.
- एकाच गिअरला खरखर होते : त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे.
- न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबतो : इनपुट शाफ्टचे बेअरिंग सदोष असण्याची शक्यता असते.
- क्लच दाबल्यावरच आवाज येतो : रिलीज बेअरिंग तपासावे लागते.
- इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, पण गाडीचा वेग वाढत नाही : क्लच प्लेट घसरते आहे.

या निदानाला आर्थिक महत्त्व आहे. क्लच प्लेट हा झिजणारा भाग मानला जात असल्याने तो सहसा वॉरंटीत येत नाही. गिअरबॉक्सचे अंतर्गत भाग मात्र बहुधा येतात. त्यामुळे दोष उत्पादनाचा की वापराचा, हा ग्राहक व उत्पादक यांच्यातील वादाचा मुख्य मुद्दा असतो.

उल्लेखनीय उदाहरणे

निसान ३५०झेडच्या सुरुवातीच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझरच्या तक्रारी होत्या. सुधारित ‘सीडी००९’ आवृत्ती इतकी मजबूत ठरली की हौशी मोटार बांधणारे ती इतर गाड्यांतही बसवतात. पुढील ३७०झेडमध्ये क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आवरणात असल्याने, त्यातून गळती झाल्यास संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

फोर्ड मस्टँगच्या २०११ च्या मॉडेलपासून वापरात आलेल्या एमटी-८२ या सहा-गती गिअरबॉक्सविषयी तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने प्राथमिक चौकशी केली. ती २०१२ साली गाड्या परत बोलावण्याचा आदेश न देता बंद झाली. माझदा एमएक्स-५ च्या चौथ्या पिढीसाठी हलका गिअरबॉक्स नव्याने बनवण्यात आला होता. सुरुवातीच्या गाड्यांतील तक्रारींनंतर त्यात टप्प्याटप्प्याने सुधारणा झाल्या.

पोर्शने २०१३ साली ९११ जीटी३ केवळ दुहेरी-क्लच स्वयंचलित गिअरबॉक्ससह आणली, परंतु २०१७ मध्ये हस्तचालित पर्याय पुन्हा उपलब्ध केला.

भारतात

दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या दिल्ली येथील ऑटो एक्स्पोमध्ये सादर केलेल्या अवंती या स्पोर्ट्स कारमध्ये रेनॉचे दोन लिटरचे टर्बो इंजिन व सहा-गती हस्तचालित गिअरबॉक्स होता. इंजिन चालकाच्या मागे असलेल्या अशा रचनेत लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत लांब केबल न्याव्या लागतात. त्या सैल झाल्यास गिअर अचूक पडत नाहीत. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटी या १५० अश्वशक्तीच्या सेडानला २०२३ मध्ये सहा-गती हस्तचालित पर्याय मिळाला.

वऱ्हाडातील परिस्थिती

अमरावती व अकोला जिल्ह्यांत गिअरबॉक्सवर दोन भिन्न प्रकारचे ताण येतात. अमरावती–अकोला दरम्यानच्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करण्याचा गिनीज विक्रम झाला. अमरावती जिल्ह्यातून समृद्धी महामार्गही जातो. अशा सपाट रस्त्यांवर गिअर क्वचित बदलावा लागतो, मात्र कमी वेगात वरचा गिअर ठेवून ॲक्सिलरेटर दाबल्यास इंजिनाचे धक्के फ्लायव्हील व गिअरच्या दातांवर बसतात. याउलट सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याच्या घाटात दुसरा व तिसरा गिअर वारंवार बदलावा लागतो. चढावर ‘हाफ क्लच’वर गाडी धरून ठेवल्यास क्लच प्लेट तापून जळते.

अकोल्याचे उन्हाळी तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसपलीकडे जाते. क्लचसाठी वापरले जाणारे ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषते व त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. पावसाळ्यात ओलावा शिरलेले तेल पुढील उन्हाळ्यातील गर्दीत किंवा घाटात तापल्यास त्यात बुडबुडे होतात. त्यामुळे पेडल मऊ पडते आणि क्लच पूर्ण सुटत नाही. हा दोष सिंक्रोनायझरचा समजून गिअरबॉक्स उघडला जाण्याची शक्यता असते.

देखभाल

उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच गिअर ऑइल वापरणे व क्लचचे हायड्रॉलिक तेल ठरावीक मुदतीत बदलणे हे मुख्य उपाय आहेत. प्रवासात हात लिव्हरवर टेकवून ठेवल्यास फोर्क झिजतात आणि पाय क्लचवर ठेवल्यास रिलीज बेअरिंग खराब होते. सकाळी गाडी सुरू केल्यावर तेल गरम होईपर्यंत गिअर सावकाश बदलावेत. खरखर सुरू झाल्यावर वेळीच तपासणी केल्यास दुरुस्ती रिंगपुरती मर्यादित राहू शकते. दुर्लक्ष केल्यास गिअरचे दातही बदलण्याची वेळ येते.

हे सुद्धा पहा

- क्लच
- स्वयंचलित गिअरबॉक्स
- टर्बोचार्जर
- समृद्धी महामार्ग