दिव्यांगांसाठी खेळाचं साहित्य : माझा फसलेला लुडो आणि त्यातून शिकलेला धंदा

व्हिडिओमध्ये हा विषय घाईत उरकला, म्हणून इथे नीट लिहितोय.

माझं खेळण्यांचं दुकान आहे. एकदा एक ताई आल्या. मुलाला दिसत नाही, पण त्याला घरच्यांबरोबर लुडो खेळायचा होता. मी म्हटलं, सोपं आहे! पटावरच्या रेषा उठावदार केल्या आणि दिला. चार दिवसांनी ताई परत हजर. "दादा, तो चाचपतो आणि सगळ्या सोंगट्या हलतात." चूक माझीच. मी मुलाला एकदाही विचारलं नव्हतं. पैसे परत केले.

खरं तर उत्तर आधीपासून होतं : अंधांच्या बुद्धिबळाचा पट. त्यात काय असतं?

- प्रत्येक घराला भोक आणि मोहऱ्याला खाली खुंटी. चाचपलं तरी मोहरा जागचा हलत नाही.
- काळी घरं किंचित उंच.
- काळ्या मोहऱ्यांवर हाताला कळेल अशी खूण.

मी तेच लुडोत आणलं. चार रंगांऐवजी सोंगट्यांचे चार आकार, फाशावर उठावदार ठिपके, आणि फासा घरंगळू नये म्हणून काठाचा ट्रे.

मुद्दा लक्षात घ्या. माणसात काय कमी आहे ते शोधू नका, खेळातली कुठली कृती अडतेय ते शोधा. पत्ते हातात धरता येत नाहीत? लाकडी पट्टीला खाच पाडा, पत्ते त्यात उभे राहतात. चेंडू दिसत नाही? अंध क्रिकेटच्या चेंडूत छर्रे असतात, आवाजावर खेळ चालतो.

आता धंद्याचं बोलू. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. सगळ्यांसाठी एकदम बनवायला जाऊ नका. एक गरज, एक खेळ निवडा. साच्यात पैसे घालण्याआधी सुताराकडून दोन-तीन नग करून घ्या आणि खेळणाऱ्याच्या हातात द्या. फसलेले नमुने आणि चाचणीचा वेळही खर्चात धरा, नाहीतर नफा कागदावरच राहतो. दया म्हणून तोट्यात विकू नका, आणि दुसरीकडे मिळत नाही म्हणून अव्वाच्या सव्वा लावू नका. गिऱ्हाईक म्हणजे पालक, अंधशाळा, विशेष शाळा. तिथे कॅटलॉग नको, नमुना घेऊन जा.

दुसरा पट घ्यायला तो मुलगा स्वतः आला. काउंटरवरच एक डाव झाला. मी हरलो, पण माल पास झाला!