विश्लेषण : शोपँचे ‘नवे’ वॉल्ट्झ वाजवावे का?

न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररी अँड म्युझियममध्ये २०२४ मध्ये पोस्टकार्डाएवढ्या कागदावरचे एक स्वरलेखन हाती आले. कागदावर वेगळ्याच हस्ताक्षरात नाव होते : शोपँ. पियानोचा हा अनभिषिक्त सम्राट १८४९ मध्येच जग सोडून गेला. मग हे वॉल्ट्झ त्याचेच कशावरून आणि त्याने ते कधी छापले का नाही?

शोपँचेच कशावरून?

संग्रहालयातील अभ्यासक रॉबिन्सन मॅक्लेलन यांना हे हस्तलिखित सापडले. कागद व शाई त्या काळाशी जुळतात. खालच्या सप्तकासाठीची खूण लिहिण्याची शोपँची खास लकबही त्यात दिसते. हस्तलिखित १८३० ते १८३५ दरम्यानचे मानले जाते. ‘ए मायनर’मधील ही रचना जेमतेम २४ बारची, पुनरावृत्तीसह ४८. वाजवायला दीड मिनिटही लागत नाही. सुरुवातीलाच एकदम मोठा, जवळजवळ आदळणारा आवाज येतो. हळुवार वादनासाठी ओळखल्या जाणाऱ्या शोपँकडून तो अनपेक्षित आहे. मात्र कागदावर त्याची सही नाही.

सही नसण्याला महत्त्व का?

शोपँचे वॉल्ट्झ नाचण्यासाठी नव्हते. तीन मात्रांचा ठेका नृत्याचा, पण मामला दिवाणखान्यातल्या ऐकण्याचा. पॅरिसमधील परिचितांना, शिष्यांना तो अशी छोटी हस्तलिखिते सही करून भेट देई. ‘एफ मायनर’मधले एक वॉल्ट्झ तर त्याने अनेकींना स्वतः लिहून दिले. त्यांपैकी एकीला १८४२ मध्ये त्याने कळवले, की हे तुमच्यापुरतेच ठेवा, छापले जाऊ नये. त्यामुळे सही नसलेला कागद म्हणजे देता देता राखून ठेवलेली भेट असावी, असाही तर्क केला जातो.

छापण्याबाबत तो कमालीचा चोखंदळ होता. हयातीत त्याने फक्त आठ वॉल्ट्झ प्रसिद्ध केली.

त्याची इच्छा काय होती?

अप्रकाशित हस्तलिखिते जाळून टाका, असे त्याने मृत्यूपूर्वी सांगितले होते. तसे झाले नाही. त्याचा मित्र ज्युलियन फोंताना याने कुटुंबीयांच्या संमतीने १८५५ मध्ये त्यांतील निवडक रचना छापल्या. त्यात पाच वॉल्ट्झ होती, आणि ‘एफ मायनर’मधले तेही होतेच, जे छापू नका म्हणून त्याने विनवले होते. हा सरळ सरळ मित्राच्या शब्दाचा भंग. पण त्याच संचात ‘फँतेसी-इम्प्राँप्तू’ही होते. शोपँची आज सर्वाधिक वाजवली जाणारी जी मोजकी कामे आहेत, त्यांत ते येते. फोंतानाने आज्ञा पाळली असती, तर ते कदाचित आपल्याला ऐकायला मिळाले नसते.

नव्या वॉल्ट्झबाबत हा निर्णय कोणाला घ्यावाच लागला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये शोध जाहीर झाला, तेव्हा लँग लँग या चिनी पियानोवादकाने केलेले त्याचे ध्वनिमुद्रणही सोबतच आले.