माळ्यावरची गुडगुडी



दिवाळीची आवराआवर निघाली, की एखाद्या घरी माळ्यावरून पणजोबांची पितळी गुडगुडी खाली येते. तंबाखूच्या चिलमीचे दख्खनशी नाते जुने आहे. इ. स. १६०४ च्या सुमारास असद बेग याने विजापुराहून तंबाखू आणि रत्नजडित चिलीम नेऊन अकबर बादशहापुढे ठेवली. तेव्हा अशी वस्तू मोडीत घालू नका. मात्र चिंच घेऊन लगेच घासायलाही बसू नका.

नळीत आणि भांड्यात साचलेले काळे किटण विषारी असते. माव्यावर आपण तंबाखूचा काढा फवारतो, त्यात कीड मारणारे द्रव्य म्हणजे निकोटिन. तेच या किटणात असते. ओल्या हाताला लागले, तर ते कातडीतून अंगात भिनते. मग मळमळ, चक्कर, उलटी सुरू होते.

म्हणून काम अंगणात करा, मुलांना दूर ठेवा आणि हातात रबरी मोजे घाला. गुडगुडीचे भाग सुटे करा. किटण जुन्या कागदावर कोरडेच खरवडा. मग पितळी भांड्यात कढत पाणी व धुण्याचा सोडा घालून हलवा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. लाकडी नळी भिजत घालू नका, ती फुगून तडकते. तारेला चिंधी गुंडाळून, स्पिरिटात भिजवून आतून फिरवा. त्या वेळी जवळ चूल किंवा विडी पेटती नको.

आता चिंच-मीठ घ्या. दोन-तीन मिनिटे चोळून लगेच धुवा. आंबट फार वेळ राहिले, तर पितळ तांबूस पडते. हिरवा कळंकही याच चिंचेने निघतो. भांडे विस्तवावर धरू नका, सांध्याचा डाख वितळेल. शेवटी कोरडे पुसून तेलाचा पुसट हात फिरवा.

किटण आणि धुण्याचे पाणी विहीर, गोठा व भाजीच्या वाफ्यापासून दूर खड्ड्यात पुरा. मोजे काढल्यावर हात साबणाने धुवा. किटण कातडीला लागलेच, तर साबण-पाण्याने खळखळून धुवा. उलटी-चक्कर आल्यास दवाखाना गाठा.

एक समज मात्र काढून टाका. पाण्यातून आलेला धूर निर्धोक होत नाही, त्यातले विष फुप्फुसात जातेच. शिवाय एकच नळी चार तोंडी फिरली, की क्षयासारखे रोगही फिरतात.

पणजोबांची आठवण कोनाड्यात चकाकू द्या. चिलीम मात्र पुन्हा पेटवू नका.