गाळ शेतात टाकण्यापूर्वी तो कुठला आहे ते पाहा



उन्हाळ्यात बंधारे उघडे पडले की गाळाच्या ट्रॉल्या सुरू होतात. २०१७ साली राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. हलक्या, मुरमाड रानाला गाळ म्हणजे वरदानच. पण सगळाच गाळ सारखा नसतो. शहराच्या वरचा गाळ वेगळा आणि शहराखालचा वेगळा. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो समजून घेतला पाहिजे.

धातू येतात कुठून?

रस्त्यावर टायर झिजतात, त्यातून जस्त सुटतं. ब्रेक झिजतात, त्यातून तांबं. जुन्या बॅटऱ्या आणि रंगांतून शिसं येतं. धातूंना मुलामा देण्याच्या धंद्यात क्रोमियम, निकेल, कॅडमियम वापरतात. शिसं घातलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं. पण त्या धुरातून रस्त्याकडेच्या मातीत पडलेलं शिसं काही नाहीसं झालं नाही.

मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला की ही सगळी धूळ गटारी-नाल्यांतून नदीत उतरते. नासर्डी सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडून येऊन टाकळीला गोदावरीस मिळते. वाघाडी नाला भर वस्तीतून येतो. पुढे निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याला पाणी थबकतं आणि बरोबरचा गाळ तळाला बसतो.

गाळाला ते चिकटतात कसे?

चिकणमातीच्या कणावर ऋण विद्युतभार असतो, तर पाण्यात विरघळलेल्या बहुतेक धातूंवर धन. त्यामुळे कण धातूला ओढून धरतो. कणांवर लोहाचं तांबूस पूट असतं, तेही धातू पकडतं. कुजलेला पालापाचोळा तिसरा धरणारा. कण जितका बारीक, तितकी चिकटायला जागा जास्त. म्हणून वाळूत धातू कमी आणि मऊ गाळात जास्त. आणि आपल्याला हवा असतो तो नेमका हाच मऊ गाळ!

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. वरचं पाणी नितळ दिसलं, पाण्याची तपासणीही चांगली आली, तरी तळाचा गाळ स्वच्छ आहे असं होत नाही.

शिवाय ही पकड कायमची नसते. खोल, काळ्या, सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या गाळात हवा नसते. तिथे धातू गंधकाशी बांधलेले असतात. तो उपसून रानात पसरला, हवा लागली, की हे बंध सुटू लागतात. जमीन आम्लधर्मी असेल तर धातू लवकर मोकळे होतात. आपली चुनखडीयुक्त काळी जमीन त्यांना बरीच धरून ठेवते, हे आपलं नशीब. पण धरून ठेवते म्हणजे नष्ट करते असं नव्हे. कीटकनाशक काळानुसार विघटित होतं, शिसं होत नाही.

थोडा हिशेब करा

एकरी ४० ट्रॉल्या गाळ टाकला आणि एका ट्रॉलीत ३ टन धरले, तर १२० टन होतात. समजा त्या गाळात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसं आहे. म्हणजे एका एकरात १२ किलो शिसं गेलं! ते पुन्हा बाहेर काढण्याचा सोपा उपाय कोणाकडेच नाही.

तेव्हा काय करावे?

१. गाळ कुठला ते आधी विचारा. गंगापूर धरण शहराच्या वर आहे. नाल्याच्या मुखाजवळचा आणि शहराखालचा गाळ मात्र तपासल्याशिवाय उचलू नका. तो सगळा वाईटच असतो असं नाही, पण खात्री हवी.

२. दहा-बारा ठिकाणचा गाळ घेऊन एकत्र मिसळा. त्यातला किलोभर सावलीत वाळवून प्लास्टिकच्या पिशवीत भरा. नमुन्याला जस्ताची बादली वापरू नका, नाहीतर जस्त जास्त दिसेल.

३. मृद आरोग्य पत्रिकेच्या तपासणीत शिसं-कॅडमियम येत नाही. ‘जड धातू तपासा’ असं वेगळं सांगावं लागतं. प्रयोगशाळेची माहिती तालुका कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

४. आपल्या रानातल्या मातीचा नमुनाही बरोबर द्या. आपली जमीन काळ्या कातळापासून झालेली. तिच्यात तांबं, क्रोमियम, निकेल मुळातच बरंच असतं. शिसं आणि कॅडमियम मात्र थोडं असतं. म्हणून या दोघांचे आकडे रानापेक्षा गाळात बरेच वाढलेले दिसले, तर सावध व्हा. अंदाजासाठी सांगतो, शहरी कंपोस्ट खतात किलोमागे शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

५. शंकेचा गाळ आधीच टाकला असेल, तर त्या रानात पालक, मेथी, कोथिंबीर घेऊ नका. पालेभाज्या धातू जास्त उचलतात. झेंडू, कापूस किंवा बांबू लावा. भरपूर शेणखत घाला.

६. नदीतल्या पानवेली धातू शोषून घेतात. शहराखालच्या पानवेलींचं खत भाजीच्या वाफ्याला देऊ नका.

भाजी धुतल्याने वरची माती जाते, पानात शिरलेला धातू जात नाही; शिजवूनही जात नाही. तो लहान मुलांच्या वाढीला आणि बुद्धीला अपाय करतो. तेव्हा ट्रॉली भरण्याआधी एक नमुना तपासून घ्या. खर्च एकदाच होतो, जमीन मात्र पुढच्या पिढीला द्यायची आहे.